उमेदवारी आणि उमेद : कर्मचारी-प्रशिक्षणाचा लाभ कोणाला?

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शताब्दी व्याख्यानमालेसाठी कार्यवाहांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण’ असे उत्तर दिले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मराठीचा प्राध्यापक संतवाङ्मयावर किंवा माळव्यातील मराठी साहित्यावर बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी आणि ती गैरही नव्हती. परंतु ज्या वास्तूत आपण बसलो आहोत तिची शंभर वर्षे ज्यांच्या हातांनी सांभाळली, त्यांच्याविषयी या निमित्ताने कोणीतरी बोलावे असे मला मनापासून वाटत होते. ग्रंथालयाचा इतिहास लिहिताना आपण संस्थापक, अध्यक्ष, देणगीदार आणि ग्रंथसंख्या यांची नोंद करतो, पण पुस्तक मांडणीवरून काढून वाचकाच्या हाती देणाऱ्या माणसाची नोंद बहुधा वेतनपत्रकातच राहते.

महाविद्यालयात शिकत असताना, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, मी या ग्रंथालयात नियमाने येऊ लागलो. त्या काळी येथे एक शिपाई होते. झाडलोट करावी, पाणी भरावे, पुस्तकांवरची धूळ झटकावी यासाठी त्यांची नेमणूक झालेली. शिक्षण म्हणाल तर चौथीपर्यंतचे. परंतु तत्कालीन ग्रंथपालांनी त्यांना रोज दुपारी, वाचकांची वर्दळ कमी असताना, अर्धा तास शेजारी बसवून घेण्याचा परिपाठ ठेवला होता. पुस्तकाच्या पाठीवरचे आकडे कसे वाचावेत, दशांश चिन्हानंतरचा आकडा मोठा दिसला तरी पुस्तक आधी का येऊ शकते, चरित्र आणि चरित्रात्मक कादंबरी निरनिराळ्या कपाटांत का ठेवायची, फाटलेल्या पानाला खळ किती पातळ लावायची, हे सारे त्यांना त्या अर्ध्या तासात मिळाले. काही वर्षांनी स्थिती अशी झाली की, वीज गेलेल्या संध्याकाळीही ते मागितलेले पुस्तक अंधारातून काढून आणीत. एकदा मी एका विषयावरचे एक पुस्तक मागितले, तर त्यांनी तीन आणून ठेवली आणि म्हणाले, “सर तेच मागतील, पण हे दुसरं आधी वाचा, सोपं जाईल.” मी तेव्हा सर नव्हतो, विद्यार्थी होतो. आज मी जो काही आहे, त्यात त्या दुसऱ्या पुस्तकाचा वाटा आहे. आणि त्या दुसऱ्या पुस्तकात ग्रंथपालांच्या रोजच्या अर्ध्या तासाचा वाटा आहे.

कामाच्या जागी, काम करता करता, माणसाला त्याच्या कामाचे शिक्षण देणे याला आज आपण प्रशिक्षण म्हणतो. शब्द नवा आहे, गोष्ट मात्र जुनी आहे. मराठीत तिच्यासाठी एक सुरेख शब्द पूर्वीपासून आहे, तो म्हणजे उमेदवारी. आज उमेदवार म्हटले की आपल्याला निवडणूक आठवते. परंतु जुन्या कचेऱ्यांत आणि पेढ्यांवर ‘उमेदवारी करणे’ म्हणजे जाणत्या माणसाच्या हाताखाली बसून काम शिकणे. मुलगा दफ्तरात यायचा, मोडी वळण गिरवायचा, जमाखर्च लिहायचा, चुकायचा, बोलणी खायचा आणि कालांतराने कारकून व्हायचा. या शब्दाच्या पोटात ‘उमेद’ हा फारसी शब्द आहे. उमेद म्हणजे आशा. शिकणाऱ्याला आपल्या भाषेने आशेवर असणारा माणूस असे नाव दिले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पुष्कळदा ही उमेदवारी बिनपगारी असे आणि तीत पिळवणूकही असे, हे मान्य केले पाहिजे. तरीही तिच्यामागचा करार स्पष्ट होता. आज तू आम्हाला श्रम दे, आम्ही तुला हुन्नर देऊ, आणि तो हुन्नर तुझा राहील. शेवटचे चार शब्द हाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. प्रशिक्षणाचे फायदे मोजताना आपण संस्थेला काय मिळाले हे विचारतो. कर्मचाऱ्याच्या पदरात त्याचे स्वतःचे असे काय पडले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

ग्रंथालयाच्या व्यासपीठावर बोलत असल्याने पहिले उदाहरण ग्रंथालयाचेच घेतो. होळकरांच्या इंदूरप्रमाणेच मराठी राजघराण्याचे संस्थान असलेल्या बडोद्यात सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेल्या प्रजेला वाचायला काही नसेल तर ती पुन्हा निरक्षर होईल, हे त्यांनी ओळखले आणि ग्रंथालयांचे जाळे विणण्यासाठी विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० मध्ये बडोद्यास आणले. इमारती उभ्या राहतील, पुस्तकेही विकत मिळतील, परंतु ती चालविणारी माणसे कोठून आणायची, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. म्हणून १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथालय-कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. हिंदुस्थानातील ग्रंथपालनाच्या शिक्षणाचा आरंभ तो हाच. बोर्डेन १९१३ मध्ये मायदेशी परतले, तरी त्यांनी तयार केलेली माणसे मागे राहिली आणि खेडोपाडी पेट्यांतून फिरणारी ग्रंथालयेही चालत राहिली. पाहुणा तज्ज्ञ गेल्यावर काम थांबले नाही, हीच त्या प्रशिक्षणाची परीक्षा होती आणि तीत ते उत्तीर्ण झाले.

दुसरे उदाहरण डॉ. शि. रा. रंगनाथन यांचे. ज्यांना आपण भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानतो, ते मुळात गणिताचे अध्यापक होते. १९२४ च्या आरंभी ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. थोड्याच दिवसांत त्या नोकरीतील एकान्ताला ते इतके कंटाळले की, आपल्या जुन्या महाविद्यालयात परत घ्या म्हणून प्राचार्यांकडे गेले. आधी ठरल्याप्रमाणे विलायतेत जाऊन ग्रंथपालनाचे शिक्षण घ्या आणि तरीही कंटाळा उरला तर परत या, असे त्यांना सांगण्यात आले. १९२४-२५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते शिकले. परंतु त्यांचे खरे शिक्षण वर्गाबाहेर झाले. डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स या गुरूंनी त्यांना चालती ग्रंथालये आतून पाहायला लावली, आणि त्यांनी अशी शंभराहून अधिक ग्रंथालये पाहिली. परत आल्यावर त्यांनी जुनी नोकरी मागितली नाही. १९२९ मध्ये मद्रासला त्यांनी स्वतःच इतरांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला, १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले आणि १९३३ मध्ये आपली द्विबिंदू वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध केली. आपल्या माळव्याच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट म्हणजे १९५७ ते १९५९ या काळात ते उज्जैनला विक्रम विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे अध्यापन करीत होते. म्हणजे ही गंगा आपल्या दारावरून वाहून गेली आहे. आपण तीतून किती घागरी भरून घेतल्या, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारावा.

“शिकवले की माणूस निघून जातो” असे व्यवस्थापक नेहमी म्हणतात. रंगनाथनांची गोष्ट नेमकी उलट आहे. शिकविले नसते तर ते निघून गेले असते, शिकविले म्हणून ते राहिले. काम कळले म्हणजे कामात रस येतो, आणि रस आला म्हणजे माणूस कामाला धरून राहतो. वेतन माणसाला कामाच्या जागी आणते हे खरे. परंतु त्याचे मन तेथे रमते ते कामाचे मर्म उमगल्यावर.

आता यंत्रांच्या जगाकडे वळू. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षणसंस्थेत अध्यापन केलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलजवळच्या ओसाड माळावर कारखाना उभारायला गेले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली. त्या माळरानावर शिकलेले यंत्रज्ञ कोठून मिळणार? आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची पोरे, ज्यांनी लाकडी नांगरच काय तो पाहिलेला, तीच लोखंडी नांगर ओतायला आणि घडवायला शिकली. पुढे कारखान्याचे आधारस्तंभ ठरलेल्या शंभूराव जांभेकर, अनंतराव फळणीकर यांच्यापाशीही पदवीचा कागद नव्हता, होती ती हातातली कळ आणि शिकण्याची ओढ. लक्ष्मणरावांनी माणूस कागदावर पारखला नाही, कामावर पारखला, आणि कामावरच घडविला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. पण टाकी धरणारा हात जाणता असावा लागतो, हे त्या म्हणीत अध्याहृत आहे.

किर्लोस्करवाडीचा आणखी एक विशेष वाचनप्रेमी मंडळींना सांगितलाच पाहिजे. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. ते आरंभी कारखान्याचे आणि त्याच्या मालाचेच पत्र होते. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक विकसित झाले आणि ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही त्याची भावंडे जन्माला आली. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांचे विचार ज्या मासिकांनी घडविले, त्यांचे मूळ एका कारखान्याच्या खबरपत्रात आहे. कामाची जागा आणि वाचनाची जागा या परस्परांपासून दूर नाहीत, हे सांगायला याहून चांगला दाखला मला सापडत नाही.

यानंतर मी इंदूरला येतो. येथे मला थोडे घरचे बोलावे लागेल, त्याबद्दल क्षमा असावी.

आपले शहर एके काळी मिलच्या भोंग्यावर जागे होत असे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत येथे सरकारी कापड-मिल निघाली. विसाव्या शतकात मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी अशा मिल उभ्या राहिल्या. या मिलमध्ये माणूस काम कसे शिकत असे? मुंबई-अहमदाबादप्रमाणेच येथेही शिकणे जॉबरच्या मर्जीवर असे. जॉबर माणसे भरणार, जॉबर कामाला लावणार, आणि शिकविणार तेही जॉबरच, तेही त्याला वाटले तर. कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली होती. परंतु पद्धती कागदावर बदलल्या तरी सवयी लवकर बदलत नाहीत.

माझे वडील येथील एका मिलच्या विणाई खात्यात २६ वर्षे होते. मागाच्या आवाजावरून धोटा कोठे अडतो आहे, हे ते डोळे मिटून सांगत. परंतु माग बिघडला की त्यांनी हात बाजूला घ्यायचा आणि जॉबरला हाक मारायची, असा शिरस्ता होता. “मलाही दुरुस्ती शिकवा,” असे त्यांनी तरुणपणी एक-दोनदा विचारले होते. उत्तर मिळाले, “तू माग चालव. बिघडला की मला सांग. तुझे काम तेवढेच.” वडिलांनी पुन्हा विचारले नाही. त्याच मिलमध्ये आमच्या चाळीतले एक गृहस्थ दुरुस्ती खात्यात मदतनीस होते. त्यांचे नशीब असे की, त्यांना एक वयस्कर फिटर वरिष्ठ म्हणून लाभला. तो मितभाषी होता, पण जेवणाच्या सुटीत जमिनीवर खडूने आकृती काढून दाखवायचा. मोजमापाची पट्टी कशी वाचायची, गिअरचे दात का मोजायचे, बेअरिंग गरम का होते, हे त्याने त्यांना दहा वर्षांत थोडे थोडे करून सांगितले.

पुढे ती मिल बंद पडली. त्या काळात इंदुरातल्या मिल एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद झाली. तिच्या हजारो कामगारांच्या थकीत रकमेचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला, आणि तोवर अनेकांनी जगाचा निरोपही घेतला होता. आमच्या चाळीतले दोन पुरुष एकाच दिवशी घरी बसले. वर्षभरात चाळीतले काका पिथमपूरच्या एका कारखान्यात दुरुस्ती विभागात लागले. वडीलही त्याच कारखान्यात विचारायला गेले होते. “काय येते?” असे त्यांना विचारले गेले. “माग चालवता येतो,” असे ते म्हणाले. “मशीनचे काय कळते?” यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. २६ वर्षे यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला यंत्राविषयी एक वाक्य बोलता आले नाही. ते घरी येऊन काही बोलले नाहीत. पुढे एका किराणा दुकानात ते माल मोजायला बसू लागले. आमचे घर उपाशी राहिले नाही, मी शिकलो, प्राध्यापक झालो. परंतु त्या संध्याकाळी त्यांनी खुंटीला टांगलेली पिशवी मला अजून आठवते.

दोघांचेही कष्ट सारखे होते, आणि प्रामाणिकपणात माझे वडील कणभरही कमी नव्हते. अंतर पडले ते जेवणाच्या सुटीतल्या त्या खडूने. मिल बुडाली तेव्हा पगार बुडाला, भविष्यनिधी अडकला, राहती खोली गेली. खडूने शिकविलेले मात्र काकांच्या हातात उरले. कोणत्याही न्यायालयाला, कोणत्याही देणेकऱ्याला ते जप्त करता येण्याजोगे नव्हते.

यावरून प्रशिक्षणाचा पहिला लाभ उघड होतो. नोकरी मालकाची असते, कौशल्य माणसाचे असते. उद्योग बदलतो, यंत्र बदलते, गाव बदलते, अशा वेळी माणसाबरोबर चालते ते त्याचे शिकलेले काम.

दुसरा लाभ जिवाच्या सुरक्षिततेचा आहे, आणि मध्य प्रदेशातल्या माणसाला तो समजावून सांगण्याची गरज पडू नये. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधली भोपाळची रात्र आपण विसरू शकत नाही. त्या विषारी वायूच्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. रचनेत दोष होते, सुरक्षायंत्रणा बंद पडलेल्या होत्या, माणसे कमी केलेली होती. पुढे झालेल्या चौकश्यांत आणि वृत्तांतांत आणखी एक गोष्ट पुनःपुन्हा आली, ती म्हणजे आधीच्या काही वर्षांत यंत्रचालकांच्या प्रशिक्षणातही काटछाट झाली होती. खर्चाच्या वहीत प्रशिक्षणाचा रकाना सर्वांत आधी खोडला जातो, कारण त्या खोडण्याचा आवाज होत नाही. तो आवाज पुढे केव्हातरी होतो, आणि तेव्हा तो ऐकायला पुष्कळ लोक उरलेले नसतात.

तिसरा लाभ प्रतिष्ठेचा. काम ‘कसे’ करायचे एवढेच सांगितले तर माणूस हुकमाचा ताबेदार होतो, ‘का’ करायचे हे सांगितले तर तो कामाचा भागीदार होतो. आपल्याच शहरातील सफाई-कर्मचाऱ्यांकडे पाहा. राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ पासून इंदूरचे नाव सतत अग्रस्थानी राहिले. त्याचे श्रेय आपण नागरिक मोठ्या हौसेने घेतो. परंतु दारावर येणाऱ्या गाडीमागे उभा असलेला मदतनीस बादलीत एक नजर टाकून ओला, सुका, घातक असा कचरा कोणत्या कप्प्यात जाईल हे क्षणात ठरवितो, आणि सुशिक्षित गृहिणीलाही किंवा माझ्यासारख्या प्राध्यापकालाही “हे यात नाही चालणार” असे नम्रपणे सुनावतो. पूर्वी केवळ उचलणारा हात आता निवडणारा हात झाला आहे. हा बदल आदेशाने होत नाही, शिकविण्याने होतो. देवगुराडिया येथे २०२२ पासून ओल्या कचऱ्यातून वायू निर्माण होऊ लागला, त्याची पहिली पायरी या बादलीपाशी आहे. ज्या इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली आणि यशवंत वाड या सहकाऱ्यासह तिच्यावर ग्रंथ लिहिला, त्या नगरीला हे शोभणारेच आहे.

चौथा लाभ शिकविणाऱ्याचा. आपण हा फारसा मोजत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, अमेरिकेत कारखान्यांतील मुकादमांना शिकविण्याची कला शिकविणारी एक योजना राबविली गेली आणि युद्धानंतर ती जपानने मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. तिची रीत चार पायऱ्यांची होती. शिकणाऱ्याची भीती घालवून त्याला तयार करा, काम करून दाखवीत समजावून सांगा, त्याच्याकडून करवून घ्या आणि त्यालाच ते समजावून सांगायला लावा, आणि नंतर त्याला काम सोपवूनही त्याच्याकडे लक्ष ठेवा. या रीतीचा गाभा असा की, शिकणाऱ्याला आले नाही तर दोष शिकविणाऱ्याचा मानावा. आम्हा प्राध्यापकांना हा नियम लावला तर अनेकांची झोप उडेल, माझीही उडेल. परंतु जो मुकादम असा विचार करू लागतो त्याची भाषा बदलते, हुकूम कमी होतात आणि हाताखालच्या माणसाशी त्याचे नाते माणुसकीचे होते. काकांना शिकविणाऱ्या त्या फिटरने ही योजना ऐकलीही नसेल. पण त्याचा खडू याच चार पायऱ्या चढत होता.

आता आक्षेपांकडे. प्रशिक्षण म्हणजे वेळेचा अपव्यय, असे अनेक कर्मचाऱ्यांचेच मत असते आणि ते निराधार नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन अध्यापकांसाठी उद्बोधन व उजळणी वर्गांची योजना आणली. वेतनश्रेणीसाठी ते वर्ग आवश्यक झाले. अशा एका वर्गाला मी तीन आठवडे बसलो आहे. सही, चहा, व्याख्यान, पुन्हा चहा, पुन्हा सही असा त्याचा क्रम होता. व्याख्याते उत्तम होते, पण आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या, घरी बुंदेली, निमाडी किंवा माळवी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला मराठी व्याकरण कसे शिकवावे, हे आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. तीन आठवड्यांत मला खरोखर उपयोगी पडली ती एकच गोष्ट. भोजनाच्या रांगेत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या चुकांची वही कशी ठेवावी, हे मला सांगितले. ती वही मी आजही ठेवतो. प्रमाणपत्र कपाटात कोठेतरी आहे. प्रशिक्षण कामाच्या जवळ असेल तितके ते कामाला येते, हाच याचा अर्थ.

दुसरा आक्षेप कायद्याच्या बाजूने येतो. शासन हे सारे करतेच, मग संस्थांनी वेगळे काय करावे, असे विचारले जाते. शासनाने केले आहे, हे खरे. १९५८ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेले केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि कामगारांतूनच कामगार-शिक्षक घडवावेत, त्यांनी आपल्याच कारखान्यात वर्ग घ्यावेत, अशी त्याची सुज्ञ योजना होती. आज ते मंडळ दत्तोपंत ठेंगडी यांच्या नावाने ओळखले जाते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घेणे आणि त्यांना विद्यावेतन देणे बंधनकारक केले. कायद्याने जुना ‘उमेदवार’ शब्द जपला, याचा भाषेचा अध्यापक म्हणून मला आनंद आहे. परंतु कायदा उमेदवाराला दारापर्यंत आणून सोडतो. आत गेल्यावर त्याला शिकवायचे की केवळ स्वस्तातला मजूर म्हणून राबवायचे, हे आतल्या माणसांच्या दानतीवर अवलंबून राहते.

बंधू-भगिनींनो, शेवटी मी आपल्या घरात, या ग्रंथालयात परत येतो. शताब्दीच्या निमित्ताने आपण निधी जमवीत आहोत. नवी कपाटे येतील, दालनाला फरशी बसेल, संगणक येतील, आणि हे सर्व आवश्यकच आहे. फरशीवर देणगीदाराचे नाव कोरता येते, कपाटावर पाटी लावता येते. कर्मचाऱ्याच्या हाताला आलेल्या कौशल्यावर मात्र कोणाचेही नाव कोरता येत नाही, म्हणून त्यासाठी देणगी मिळत नाही. या सभेत मी ती मागणार आहे. आपल्याकडील जुन्या पोथ्या आणि दुर्मीळ नियतकालिके दर पावसाळ्यात थोडी थोडी ठिसूळ होत आहेत. ती सांभाळायची कशी, हे आपल्या कर्मचाऱ्यांना कोणी शिकविलेले नाही. संगणकावरची ग्रंथसूची बाहेरच्या माणसाकडून करून घेतली, तर तो गेल्यावर ती तेथेच थांबेल. बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी दिलेला धडा आपण विसरता कामा नये.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. जमा होणाऱ्या निधीचा एक ठरावीक हिस्सा केवळ कर्मचारी-प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा आणि त्याला अन्य कारणासाठी हात लावू नये. दरवर्षी एका तरी कर्मचाऱ्याला, मग तो ग्रंथपाल असो वा शिपाई, पगारी रजा देऊन ग्रंथपालनाच्या किंवा ग्रंथसंवर्धनाच्या अभ्यासक्रमाला पाठवावे. आणि तिसरी सूचना खर्चाची नाही, आपल्या संयमाची आहे. आठवड्यातून एक दुपार देवघेव दोन तास बंद ठेवून त्या वेळात कर्मचाऱ्यांनी परस्परांना शिकवावे. आपण सभासदांनी त्या दोन तासांबद्दल तक्रार करू नये. बंद खिडकीपलीकडे आपलेच उद्याचे काम चालले आहे, असे समजावे. तो कर्मचारी शिकून अन्यत्र गेलाच, तर जिथे जाईल तिथे एखाद्या विद्यार्थ्यापुढे “हे दुसरं आधी वाचा” म्हणून पुस्तक ठेवील. ग्रंथालयासारख्या संस्थेला याहून मोठे नुकसान परवडायला हरकत नसावी.

माझ्या वडिलांना जे कोणी शिकविले नाही, ते आता त्यांना शिकविता येणार नाही. परंतु या ग्रंथालयात आज नव्याने लागलेला एक मुलगा मघाशी आपल्या सर्वांना पाणी देत होता. दुपारी वर्दळ कमी झाली म्हणजे अर्धा तास त्याला कोणीतरी शेजारी बसवून घ्यावे, एवढीच माझी आपल्या चरणी विनंती आहे.